खैरनारचं जोडकार्ड

खैरनार कुणाच्याही घरी गेला तरी आधी माणसांकडे बघत नाही, खुंटीकडे बघतो. पूर्वी घरोघरी खुंटीला एक वाकवलेली तार असायची. पत्र वाचून झालं की त्या तारेत खुपसायचं. कुठे ती अजून असली की खैरनार उतरवतो, एकेक पत्र उलटंपालटं करतो आणि कण्हतो, "भोक! सगळ्यांना भोक!" शेजारी म्हातारा वारला तेव्हा भेटायला गेला आणि तिथेही असाच कण्हला. घरच्यांना वाटलं, ह्याला फार लागलंय. त्याला पुन्हा चहा दिला.

हा मूळचा सटाण्याकडचा. ओझरच्या कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाला आणि मखमलाबादला आमच्या झेंडूच्या वावराला लागून घर बांधलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करते.

त्याला छंद कार्डांचा. चिकटवायची तिकिटं तो हातात धरत नाही. ज्या कागदावर सरकारनेच तिकीट छापलंय तेवढंच त्याचं, म्हणजे पोस्टकार्ड, आंतरदेशीय पत्र, छापील पाकीट.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. नव्वद सालानंतर घरात फोन आला, पत्रं थांबली. मी म्हटलं, शेजारी आहे, त्याला जुनं काहीतरी देऊ. दुपारभर बसून चाळीस आंतरदेशीय पत्रांवरची तिकिटं कात्रीने गोल कापली, उरलेला कागद बंबात घातला आणि तिकिटं वाटीत घालून त्याला दिली.

खैरनार ओट्यावर मटकन बसला.

"आक्का, शिंगं आणलीत. गाय कुठंय?"

"बंबात."

"अहो, कागद अख्खा पाहिजे! कापलं की मेलं. शिक्का पाहिजे, पत्ता पाहिजे, कुठून निघालं, कधी पोचलं, सगळं दिसलं पाहिजे."

"मग आधी सांगायचंस. माझी कात्री बोथट झाली."

त्याची बायको आतून म्हणाली, "आक्का, लग्नाआधी मी ह्यांना अकरा पत्रं लिहिली. ह्यांनी अजून जपलीत. का, तर शिक्के स्वच्छ आहेत!"

त्याच्या वहीत प्रत्येक पानावर पारदर्शक कोपरे लावून कार्डं बसवलेली. एकच पान रिकामं. तिथे जोडकार्ड यायचं होतं. जोडकार्ड म्हणजे एकाला एक लागून दोन कार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून कोरं सोडायचं. ज्याला मिळेल त्याने ते फाडून त्यावर उत्तर पाठवायचं.

"कोरं जोडकार्ड कुठंही मिळतं," खैरनार म्हणायचा. "पण पोस्टातून जाऊन पोचलेलं आणि तरीही जोडलेलं? त्याला मान आहे, आक्का. त्यासाठी उत्तर न देणारा माणूस शोधावा लागतो. मी बारा वर्षं शोधतोय."

मी झेंडू तोडत राहिले. तो माणूस त्याच्यासमोरच उभा होता.

पुढे गावात तिकिटवाल्यांचं प्रदर्शन ठरलं. खैरनारची वही मांडली जाणार होती आणि त्या एका पानापायी त्याला जेवण जाईना. शेवटी मी ट्रंकेच्या तळातून कार्ड काढलं आणि त्याच्यापुढे टाकलं.

त्याने हात धुतले, पुसले, मग उचललं. भिंग लावलं. भोक नाही, घडी शाबूत, दोन्ही शिक्के वाचता येतात. "भारी शे, आक्का! भारी शे!" आनंद झाला की तो अहिराणीत जातो.

मग कोऱ्या कार्डावरचा पत्ता वाचून म्हणाला, "ही शेवंता कोण?"

"धाकटी बहीण. पेठला दिलेली."

"उत्तर का नाही दिलं?"

"आईच्या पाटल्यांवरून भांडलो होतो. तिने ह्यात लिहिलं, पाटल्या तूच ठेव, पण एकदा ये. मी नाही गेले."

"आहे का अजून?"

"आहे. तिथेच, पोराकडे असते."

खैरनारने भिंग खाली ठेवलं. मग पट्टी आणली, घडीवर दाबून धरली आणि कोरं कार्ड सर्रकन वेगळं केलं.

"अरे मेल्या, काय केलंस! आता ह्याला काय मान राहिला?"

"काही नाही," तो म्हणाला. "ह्याचं काम अजून व्हायचं होतं. लिहा. टपालाचा दर वाढलाय, वरचं तिकीट मी चिकटवतो."

"तुझं पान?"

"पान राहू द्या. पेन घ्या."

मी चौथी शिकलेली, लिहायची सवय मोडलेली. दोन ओळींना अर्धा तास लागला. तेवढा वेळ खैरनार माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला होता. एकदाही मान वळवली नाही.