यंत्रात खाल्लेला खसखशीचा केक

सोमवारी सकाळी सव्वानऊला हार्टविग लोरेन्त्सेनने एमआरआय यंत्रात उताणं पडून बायकोने केलेला खसखशीचा केक खाल्ला. दहाच्या आत संसारात बिघाड झाला.

नव्या कवळीने माणूस चावतो कसा, गिळतो कसा, याचं चित्रण विद्यापीठाच्या दंतविभागात चालू होतं. हार्टविगच्या कवळीत धातू नव्हता, म्हणून त्याला बोलावलं. "नेहमीच्या खाण्यातलं काहीतरी आणा," असं डॉक्टर ब्रेमे बाईंनी सांगितलं होतं. रविवारी चारच्या कॉफीबरोबर लग्नापासून हाच केक. आधी सासूच्या हातचा, मग बायकोच्या, इर्मट्राउटच्या. दुसरं काय नेणार?

सोबत आलेल्या इर्मट्राउटसमोर चित्रण पडद्यावर लागलं. चित्रात उठून दिसतो म्हणून आधी पाजलेला अननसाचा रस सरळ खाली उतरला. मग केक आला. जिभेने तो डाव्या गालाकडे ढकलला, मग उजव्या, आणि स्वतः मागे सरली.

"हे काय करतोय हा?" इर्मट्राउटने विचारलं.

"जीभ घास सारखा बाजूला सारतेय," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचं कारण असं की..."

"थांबा, मीच सांगतो!" हार्टविग घाईने म्हणाला. "इर्मे, मला खसखस आवडत नाही. तुझ्या आईसमोर पहिल्यांदा बोलायचं राहिलं. मग रविवार येतच राहिले."

"दर वेळी दुसरा तुकडा मागून घेतोस की!"

"पहिला संपला की तू माझ्याकडे बघतेस."

डॉक्टर बाईंनी घसा साफ केला. "मी म्हणत होते, खालची कवळी सैल आहे. दाणे तिच्याखाली जाताहेत, जीभ ते काढतेय. आवडनिवड यात दिसत नाही हो."

ट्राममध्ये केकचा डबा इर्मट्राउटच्या मांडीवर होता.

"म्हणजे यंत्राला काही कळलंच नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मग बोललास कशाला?"

गप्प राहिलो असतो तर, एवढंच हार्टविग थांब्याथांब्याला मनात म्हणत राहिला.

त्या रविवारी बेकरीतला सफरचंदाचा केक आला. "छान आहे," हार्टविग म्हणाला. इर्मट्राउट त्याच्या जबड्याकडे बघत राहिली. पुढे सूप छान म्हटलं तरी तेच. तिचा नवा कोट छान म्हटला, तर तिने तो दुकानात परत केला. तो कोट त्याला खरंच आवडला होता.

गुरुवारी दंतविभागातून फोन आला. कवळी घट्ट करून झाली होती. आता पुन्हा चित्रण, आणि तुलनेसाठी अगदी तोच केक हवा.

हार्टविगने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून निरोप सांगितला.

"कोणाला हवाय?" इर्मट्राउटने विचारलं.

"विद्यापीठाला," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी पस्तावला.

चित्रण सोमवारी आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत खसखशीचं पाकीट ओट्यावर आलेलं होतं. ते फोडलेलं नव्हतं.