गाडी डावीकडे ओढते

गाडी पुन्हा डावीकडे गेली आणि चपलांच्या कपाटाला धडकून उलटी झाली. चारही चाकं हवेत गरगरत राहिली. साहेबांनी रिमोटचा खटका सोडला, गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि गाडी उचलून तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं. चांगल्या घरातल्या मुलाने परीक्षेत कॉपी करावी आणि बापाला शाळेत बोलावणं यावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“सरळ जा म्हटलं तर सरळ जायला हिच्या बापाचं काय जातं?” ते म्हणाले.

“हात लावू नका म्हणून सांगून गेलीय ती,” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

“हात कुठे लावतोय? रिमोटने तर चालवतोय!”

साहेबांची सगळी हयात इमारती उभ्या करण्यात गेली होती. खिशात कायम ओळंबा. दोरीला टांगलेलं ते पितळी वजन भिंतीला लावायचं आणि भिंत केसभर जरी कललेली दिसली, तरी पाडून पुन्हा बांधायला लावायची, अशी ख्याती. कामावरचे लोक पाठीमागे त्यांना ‘ओळंबासाहेब’ म्हणत. निवृत्तीनंतर ते नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं, कारण ते राहत होते ती इमारतही त्यांनीच बांधलेली होती आणि तिच्यातली फरशी न् फरशी त्यांच्या डोळ्यांदेखत बसलेली होती.

गाडी मात्र लेकीची. लेक दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा कोरायच्या आणि रविवारी रिमोटच्या गाड्यांची शर्यत खेळायची, हा तिचा नेम. काही वर्षांपूर्वी साहेब एकदा बोलून गेले होते, “एवढं शिकून शेवटी खेळणीच फिरवायची होती, तर शिकलीस कशाला?” लेक उलट बोलली नाही. पण त्या दिवसापासून गाडी दवाखान्यात राहायला गेली. शर्यती झाल्या, लेक जिंकली, हरली, साहेबांना पत्ता लागला नाही. बक्षिसाचे कप म्हणे कवळ्यांच्या साच्यांशेजारी मांडून ठेवलेले असत. साहेबांना ते एका पेशंटकडून कळलं होतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं.

या वेळी दवाखान्यात रंगकाम निघालं आणि लेकीला नेमकं प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जावं लागलं. रविवारी अंतिम फेरी. नाइलाजाने गाडी घरी आली. “बाबा, फक्त चार्जिंगला लावा. बाकी सगळं मी नीट लावून ठेवलंय,” असं तिने बजावलं. बॅग उचलून दारापर्यंत गेली, थांबली आणि म्हणाली, “रविवारी या दोघं. वेळ असला तर.”

साहेब रडणाऱ्यांतले नव्हते. ते गच्चीत गेले आणि सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालत उभे राहिले. लेकीने बोलावलं होतं. आता त्या बोलावण्याला लायक ठरायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि तिथेच घोळ सुरू झाला.

चार्जिंग झालं का ते पाहायला म्हणून त्यांनी गाडी पॅसेजमध्ये सोडली. दारापासून बाथरूमपर्यंत सरळ लांबलचक पॅसेज. गाडी निघाली सरळ आणि अर्ध्यात हळूच डावीकडे वळून कपाटावर आपटली. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झाल्यावर साहेबांनी चष्मा बदलला.

“पोरीने घाईत लावलीय,” ते म्हणाले. “अशी गाडी घेऊन उतरली तर चार लोकांत हसं होईल.”

“फरशी बघितलीत का?” बायकोने विचारलं.

साहेबांनी रिमोट खाली ठेवला. फरशी हा त्या घरात बंद केलेला विषय होता. घरात राहायला आल्या आल्या बायकोने सांगून पाहिलं होतं की, पुसताना पाणी डाव्या भिंतीकडे जमतं. साहेबांनी तो तिच्या हाताचा दोष ठरवला. बेडरूमचं दार आपोआप उघडतं, तो वारा. हातातून पडलेली औषधाची गोळी दर वेळी चपलांच्या कपाटाखालीच सापडते, तर गोळी गोल असते, ती कुठेतरी जाणारच. “माझ्या फरशीत सुताचाही फरक निघायचा नाही,” हे त्यांचं शेवटचं वाक्य असे. एका इंचाची आठ सुतं, त्यातलं एकही नाही. फरशीवर सपाटी तपासणारी पाणसळ लावून बघणं हाच त्यांना अपमान वाटे. स्वतःच्या पोराची जात विचारतं का कुणी?

तरीही, बायकोचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी कपाटातून पाणसळ काढली. फरशीवर नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोब्बर मधोमध येऊन थांबला.

“बघ. टेबल फरशीवर उभं आहे की नाही? टेबल सरळ, म्हणजे फरशी सरळ. आता बोल.”

बायको मटार सोलत होती. तिने बुडबुड्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

फरशी निर्दोष सुटल्यावर उरली गाडी. साहेबांनी टेबलावर जुना टॉवेल अंथरला, त्यावर गाडी उताणी घातली आणि मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ बघून शिक्षण सुरू केलं. गाडीचा आत्मा सस्पेन्शनमध्ये असतो, हे त्यांना कळलं. प्रत्येक चाकामागे बोटाएवढी स्प्रिंग. ती आवळली की तो कोपरा ताठ होतो, सैल केली की बसतो. स्टिअरिंगचा दांडा अर्धा आटा फिरवला तरी पुढच्या चाकांचं तोंड बदलतं. ही भाषा साहेबांना कळणारी होती. त्यांनी दांडा अर्धा आटा उजवीकडे फिरवला, गाडी पॅसेजमध्ये नेली आणि सोडली. कपाट.

मग आणखी अर्धा आटा. मग डावीकडची पुढची स्प्रिंग आवळली. मग मागची. मग पुढची चाकं आत झुकवली, बाहेर झुकवली. दर वेळी गाडी कपाटापर्यंत जाई आणि साहेब ती हातात घेऊन दारापाशी परत येत.

“अहो, परत आणताना उचलून कशाला आणता? बाथरूमकडून सोडून बघा की एकदा,” बायको म्हणाली.

“शर्यतीत उलटं कोण पळतं?” साहेबांनी विचारलं. त्यांनी गाडी पुन्हा दारापाशी ठेवली.

इतक्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे वकील दारात उभे होते. “साहेब, डोक्यावर काहीतरी पळतंय आणि आपटतंय,” ते म्हणाले. त्यांना आत घेऊन प्रात्यक्षिक दाखवण्यात आलं. गाडी आपटली. वकिलांनी हाताची घडी घालून सगळं पाहून घेतलं.

“आरोपी एकच धरून तपास चाललाय का?”

“म्हणजे?”

“नाही, घटनास्थळी गाडी होती तशी फरशीही हजर होती. माझ्याकडेसुद्धा टेबलावर पेन ठेवलं की डावीकडे घरंगळतं. इमारत तीच, म्हणून म्हटलं.”

“पेन गोल असतं, वकीलसाहेब,” साहेब थंडपणे म्हणाले. “चहा घेणार का जिन्याने उतरणार?”

वकील जिन्याने उतरले. साहेबांनी डावी स्प्रिंग आणखी एक आटा आवळली.

शनिवारी संध्याकाळी ते साधलं. गाडी दारातून निघाली, कपाटाला न शिवता सरळ रेषेत धावली आणि बाथरूमच्या दारापाशी नम्रपणे थांबली. साहेबांनी बायकोला हाक मारली, पुन्हा एकदा चालवून दाखवली आणि घाम पुसला.

“छान,” बायको म्हणाली. “पण मागच्या रविवारी तर ती याच गाडीवर पहिली आली होती ना?”

“नशीब असतं एकेकाचं,” साहेब म्हणाले.

शर्यत एका मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये होती. गुळगुळीत जमिनीवर बुटक्या फळ्या लावून नागमोडी रस्ता आखलेला. भोवती टेबलं, टेबलांवर गाड्या, आणि गाड्यांवर वाकलेली मोठमोठी माणसं. कुणी हसत नव्हतं. साहेबांना ती जागा एकदम आवडली. इतकी शांत आणि चोख माणसं त्यांना कामावरसुद्धा कधी मिळाली नव्हती. लेक प्रवासातून थेट तिथेच आली. साहेबांनी दोन्ही हातांनी गाडी तिच्यापुढे धरली.

“मी जरा बघून ठेवलीय,” ते म्हणाले.

लेकीचा हात हवेतच थांबला. “काय बघून ठेवलीय?”

पण तेवढ्यात सरावासाठी पुकारा झाला. तिने गाडी जमिनीवर ठेवली आणि खटका दाबला. गाडी सुटली ती थेट उजवीकडे, आणि फळीवर नाक आपटून थांबली. लेकीने रिमोटवरची चकती फिरवून तिला कशीबशी सरळ केली. पुढच्या उजव्या वळणाला गाडी गर्रकन फिरून उलटी झाली. डाव्या वळणाला वळायचं नावच घेईना. टेबलांवर वाकलेली माणसं ताठ झाली आणि बघू लागली. लेकीने जाऊन गाडी उचलून आणली.

“बाबा, काय केलंत?”

आवाज चढलेला नव्हता, म्हणून साहेबांना तो जास्त बोचला. प्रवासात गाडीला हिसके बसले असतील, असं म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

“डावीकडे ओढत होती गं,” ते म्हणाले. “म्हणून थोडी उजवीकडे घेतली.”

“कुठे चालवलीत?”

“पॅसेजमध्ये.”

“आपल्या पॅसेजमध्ये?” लेक आईकडे बघायला लागली. आई पर्सचा बंद नीट करायला लागली. “बाबा, आपल्या पॅसेजमध्ये सगळंच डावीकडे जातं. लहानपणी माझे सगळे चेंडू कपाटाखालून काढायला आईने वेगळी काठी ठेवली होती.”

काठी साहेबांना माहीत होती. ती कशासाठी आहे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. समोर गाडी होती, पलीकडे लेकीची फेरी पुकारायला उभा असलेला माणूस होता, आणि एवढ्या वर्षांत न बोललेलं एक वाक्य बोलायचं बाकी होतं. गाडी खोटी की फरशी, एकीला तर दोषी धरावंच लागणार होतं.

“फरशीला उतार आहे,” ओळंबासाहेब म्हणाले. “गाडी तू बरोबर लावली होतीस. चूक माझ्या फरशीची आहे. दे इकडे, जे जे फिरवलंय ते सगळं उलटं फिरवून देतो.”

लेकीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पाना त्यांच्या हातात दिला. कुठला स्क्रू किती आटे फिरवला, हे साहेबांना तोंडपाठ होतं. शेवटचा आधी, पहिला शेवटी, असे ते मागे मागे येत गेले. शेवटी चारही कोपरे सारखे बसलेत का ते पाहायला गाडी सपाट जागेवर ठेवायला हवी होती. त्यांनी घरून पिशवीत आणलेली पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला.

“हे टेबलही तिरकं,” लेक म्हणाली. “आता?”

तेव्हा बायको पुढे झाली. शेजारच्या खोक्याचं झाकण तिने टरकन फाडलं, त्याच्या घड्या घातल्या, अंगठ्याने दाबून पाहिलं, एक घडी कमी केली आणि खाली वाकून टेबलाच्या एका पायाखाली सरकवली. मोजमाप काही नाही. बुडबुडा बरोब्बर मधोमध येऊन थांबला.

साहेब बुडबुड्याकडे बघत राहिले. मग बायकोच्या हाताकडे.

“हा हात सरावाचा आहे,” ते म्हणाले.

“दर वर्षी नवा घालावा लागतो,” बायको म्हणाली. “पुठ्ठा दबतो ना.”

“आपल्या जेवणाच्या टेबलाखाली? कधीपासून?”

“राहायला आलो तेव्हापासून. ताटातली आमटी एकीकडे जायची.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“बोलले होते की. तुम्ही म्हणालात, फरशी बिनचूक आहे. म्हटलं, मग आपण टेबल बिनचूक करू.”

तेवढ्यात फेरी पुकारली गेली.

लेक दुसरी आली. शेवटच्या डाव्या वळणाला गाडी जराशी रुंद गेली आणि पहिला नंबर हुकला. साहेब कप धरलेल्या लेकीसमोर मान खाली घालून उभे राहिले.

“कुठेतरी पाव आटा राहिला माझ्याकडून,” ते म्हणाले.

“राहिला असेल,” लेक म्हणाली. तिने कप त्यांच्या हातात दिला. “हा घरी न्या. दवाखान्यात आता जागा नाही. आणि पुढच्या शर्यतीला गाडी घरीच ठेवीन म्हणते. पण लावायची टेबलावर, बाबा. पॅसेजमध्ये नाही.”

“पॅसेजमध्ये नाही,” साहेबांनी शपथ घेतल्यासारखं म्हटलं.

घरी आल्यावर त्यांनी कप टेबलावर ठेवला. तो सरळ उभा राहिला. मग पाणसळ घेऊन ते पॅसेजमध्ये गेले, गुडघ्यांवर बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला. साहेबांनी डाव्या टोकाखाली पट्टी घातली, चष्मा वर केला आणि वाचलं.

“दोन सूत,” त्यांनी आवाज दिला. “दोन सूत उतार आहे.”

“तीन,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. तीनच निघाली.