पाचनंतरचा वाचक

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या त्या सेक्टरचं सरकारी वाचनालय सकाळी दहाला उघडे आणि संध्याकाळी पाचला बंद होई. वसाहतीतली झाडून सारी माणसं नऊ ते साडेपाच सरकारी कचेऱ्यांत असत. शनिवारी वाचनालयात साफसफाई, रविवारी सुट्टी. त्यामुळे गेली बावीस वर्षं वाचनालय आणि वाचक यांची गाठ पडली नव्हती आणि पुस्तकं अत्यंत सुस्थितीत होती. त्याबद्दल वाचनालयाला एकदा प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

गुणवंत पाटणकरांना या गोष्टीचं कधी सोयरसुतक नव्हतं. ते स्वतः एका खात्याच्या काटकसर कक्षात होते. खर्चाचा प्रस्ताव आला की तो सभ्य भाषेत परत पाठवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या टिपण्या इतक्या नेटक्या असत की नव्या बाबूंना त्या नमुना म्हणून दाखवत.

पण त्यांच्या मुलीचं, पद्मजाचं, सीए फायनल दोन मार्कांनी हुकलं आणि वाचनालय घरात शिरलं. पोरगी मानेसरच्या कारखान्यात हिशेब विभागात होती. कंपनीच्या बसने सहाला घरी यायची. घर दोन खोल्यांचं. एकीत आजोबांच्या बातम्या फुल आवाजात, दुसरीत आईच्या, कुमुदताईंच्या, शिकवणीची आठ मुलं पाढे घोकत. नोव्हेंबरची परीक्षा चार महिन्यांवर आलेली. हा शेवटचा प्रयत्न, असं तिने स्वतःलाच बजावलं होतं.

"बाबा, वाचनालय आठपर्यंत उघडं राहिलं तरी मला पुरे," ती म्हणाली.

मुलीने आयुष्यात मागून काय मागितलं, तर दोन तास. गुणवंतरावांना भरून आलं. ते अर्धी रजा टाकून ग्रंथपाल भाटियांकडे गेले.

"पाँच के बाद यहाँ कोई आता ही नहीं, पाटणकर साब," भाटिया म्हणाले.

"अहो, बंद रहेगा तो आएगा कौन?"

"वही तो कह रहा हूँ. कोई नहीं आता. रजिस्टर देख लीजिए."

रजिस्टर खरोखरच निर्विवाद होतं. मग गुणवंतरावांनी रीतसर अर्ज लिहिला आणि सह्या गोळा केल्या. दुधाच्या बूथवर, जिन्यात, पार्किंगमध्ये. वरच्या मजल्यावरच्या आणि कचेरीतही वरच्या खुर्चीवरच्या विलासरावांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून पहिली सही ठोकली, मागोमाग त्याच खात्यातल्या पिल्लईंनी, मुखर्जींनी. चार दिवसांत दोनशे चौदा सह्या झाल्या. एकानेही नकार दिला नाही, आणि एकानेही कागद वाचला नाही.

दीड महिन्याने उत्तर आलं. मागणी स्तुत्य होती. तथापि चालू वर्षाची तरतूद चौकातल्या रंगीत कारंज्याकडे वळवली होती. ते रोज संध्याकाळी पाच ते रात्री अकरा चालवणं नागरिकांच्या मनःस्वास्थ्यासाठी अत्यावश्यक होतं. प्रस्ताव मात्र वरिष्ठांकडे पाठवण्यात आला होता.

"मग पोरीला कारंज्यापाशीच बसवा," कुमुदताई कडाडल्या. "उजेड तरी सरकारी आहे!"

प्रस्ताव वर चढू लागला. वर चढणाऱ्या कागदाच्या अंगावरचं ओझं कमी होत जातं, तसं याचंही झालं. पहिल्या कचेरीत 'वाचनालय' होतं ते दुसऱ्या कचेरीत 'सामुदायिक दालन' झालं, आणि तिसरीत फक्त 'सदर सुविधा क्रमांक सतरा'. अर्ज आणि दोनशे चौदा सह्या फाइलच्या पार तळाशी गेल्या. सप्टेंबर संपता संपता निर्णय आला: नामंजूर.

गुणवंतरावांचा तिळपापड झाला. "कोण हा गाढव? याच्या घरी मुलंबाळं नाहीत का?" ते भर बसमध्ये म्हणाले. शेजारी उभ्या विलासरावांनी मान डोलावली. "बिल्कुल! असल्यांना घरी बसवलं पाहिजे, यार."

गाढवाचं नाव काढायचंच, म्हणून गुणवंतरावांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. ऑक्टोबरच्या शेवटी पाकीट आलं. पद्मजाने ते फोडलं, पहिलंच पान पाहिलं आणि शांतपणे बापापुढे धरलं.

"बाबा, हे तुमचं अक्षर आहे."

होतं. "सदर सुविधेच्या नोंदवहीनुसार सायंकाळी पाचनंतर एकही लाभार्थी आढळून येत नाही. सबब मागणी सिद्ध होत नाही. पुढील आर्थिक वर्षात विचार व्हावा." ही टिपणी लिहिली त्या शुक्रवारी त्यांच्या टेबलावर अकरा फाइली होत्या. आधीची टिपणी तेवढी बघायची, खाली आपली लिहायची, तळापर्यंत कशाला जायचं, ही तेवीस वर्षांची सवय. त्यांच्या सहीखाली 'सहमत' म्हणून विलासरावांची सही होती. त्याखाली पिल्लई. त्याखाली मुखर्जी.

गुणवंतरावांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, टिपणी निर्दोष आहे. लाज त्यानंतर वाटली. पण वाटली, आणि चांगलीच वाटली.

"आपण अपील करू," ते म्हणाले.

"कुणाकडे?"

अपील त्यांच्याच कक्षाकडे येणार होतं.

जानेवारीत निकाल लागला; नोव्हेंबरची परीक्षाही हुकली होती. पद्मजा रडली नाही, भांडली नाही. एका सकाळी गुणवंतराव पेपर वाचत चहा पीत असताना तिने एक कागद पुढे केला. "बाबा, इथे सही हवी होती."

त्यांनी पेपरवरची नजर न काढता शेवटच्या ओळीखाली 'सहमत' लिहिलं, सही केली, तारीख टाकली.

"थँक्यू. मानेसरच्या होस्टेलचा फॉर्म आहे," ती कागदाची घडी घालत म्हणाली. "पालकांची संमती लागते. अजून एकदा बसतेय परीक्षेला. तिथली अभ्यासाची खोली रात्री अकरापर्यंत उघडी असते. रविवारी जाते मी."

कुमुदताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गुणवंतरावांनी कागद परत मागायला हात पुढे केला, पण मंजूर झालेला कागद मागे घेण्याची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

तुम्हाला हसू आलं असेल, तर खुशाल हसा. फक्त गेल्या आठवड्यात घरातल्या कुणीतरी तुमच्यापुढे धरलेला कागद, ज्यावर तुम्ही हातातला कप खाली न ठेवता सही केलीत, त्यावर काय लिहिलं होतं, तेवढं आठवून बघा.