हंसनौका मध्यधारेत रुतली ते समयीचे वर्तमान

श्रीगणपतीस दंडवत, समस्त नद्यांस दंडवत, त्यांत वाहत्या असतील त्यांस विशेष. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी नगरचे नदीवर प्रसंग गुदरला तो ऐसा जे: ही नदी थोर. पूर्वी हिचे पुरात हत्ती वाहून गेले, आणि घाटावर मल्ल पोहावयास येत, आणि मग नगर वाढले, आणि नगराने आपले सर्व सांडपाणी मोठ्या प्रेमाने हिजला अर्पण केले, आणि जलपर्णी ऐसी माजली की बगळे तीवर शतपावली घालो लागले. तेव्हां नगराधिपती श्रीमंतांनी आज्ञा केली की, रयतेस करमणूक नाही, नौकाविहार सुरू करावा. आणि जलकारभारी निंबाजीपंत मुंगळे यांनी विडा उचलला की, "सरकारास पैलघाटी पोचवीन, न पोचविल्यास कारभार सोडीन." पंतांस पोहता येत नव्हते, ते त्यांनी दरबारी सांगितले नाही.

मग मुहूर्त पाहून उभयतां पायाने चालवावयाचे हंसनौकेत विराजमान जाहाले, आणि ताशे वाजले, आणि हंस मध्यधारेस गेला, आणि तेथे जलपर्णीने त्याचे चाक ऐसे आवळिले की हंस हालेना. श्रीमंतांनी पुसिले, "पंत, हंस का थांबला?" पंत वदले, "सरकार, विश्रांती घेतो आहे." बहुत वेळ जाहाला, हंस उठेना, आणि पंतांचे तोंडचे पाणी पळाले. कारभार जातो की प्राण जातो, ऐसे मनी आणून त्यांनी पागोटे श्रीमंतांचे स्वाधीन केले, आणि तीरावरील कुटुंबास हाक दिली, "अगे अंबू, आम्ही नौका ढकलावयास जातो! मुलांस सांभाळ!" आणि डोळे मिटून उडी टाकिली, आणि हातपाय झाडून "बुडालो, बुडालो" ऐसा आकांत मांडिला. रयत रडो लागली. तो अंबूबाई कडाडल्या, "अहो, आधी उभे तर राहा!"

पंत उभे राहिले. पाणी गुडघ्यास लागले.

श्रीमंत हंसाचे मानेस मिठी मारून पोट धरधरून हांसले, आणि मग जोडे काढून स्वतः उतरले, आणि म्हणाले, "पंत, लाजता काय? ढकला!" आणि उभयतां चिखल उडवीत हंस ढकलो लागले, आणि ते पाहून बालवृद्ध नदीत उतरले, आणि जलपर्णी उपटून व्याही व्याह्यास, सून सासूस मारो लागली, आणि ऐसे युद्ध सायंकाळवर चालले.

सारांश, हंस पैलघाटी पोचला, पंतांचा कारभार राहिला, नदी चार हात मोकळी जाहाली, आणि समस्त नगर आठ दिवस अंग खाजवीत बसले. परंतु खाजविता खाजविता, पुन्हा कधी जावयाचे, हेच जो तो पुसत होता.