लाल ठिपका

बसने इगतपुरी सोडली आणि लॉरेन्सने कॅमेऱ्याचं कार्ड मांडीवरच्या टॅबमध्ये घालून पहिली क्लिप उघडली. क्लिपमध्ये चर्चची फरशी होती. फरशीवरून काळे बूट चालत होते, ते त्याचेच. बराच वेळ चालले, एका बाकापाशी थांबले आणि एकदम कॅमेऱ्याने मान वर केली. समोर वेदी, फादर, नवरा-नवरी. लॉरेन्स सरसावून बसला. तिथेच क्लिप संपली.

दुसरी उघडली. तिच्यात कोणाच्या तरी परकराची लेस आणि खालून दिसणारा पंखा. तिसरीत गटार, मग बँडवाल्याचं पोट, मग पुन्हा गटार. अंगठ्या कुठे? वचनं कुठे? केक कुठे? लॉरेन्सने कोटाच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. चष्म्यातूनही गटारच दिसलं, फक्त जास्त स्वच्छ.

लग्न त्याच्या भाच्याचं, हार्दिकचं. सकाळी नाशिकला झालं होतं आणि आता वऱ्हाड नवरीला घेऊन आपल्या गावी, गिरीजला, परत निघालं होतं. संध्याकाळी वाडीत मांडवात पार्टी. नाशिकला अख्खं गाव नेता येत नाही, म्हणून हार्दिकच्या बापाने, बर्नार्डने, मांडवात भिंतीएवढा स्क्रीन लावला होता. गावाने जेवता जेवता लग्न बघायचं. आणि ते लग्न बसमध्येच टॅबवर कापून-जोडून तयार करायचं काम लॉरेन्सचं. त्याने ते कोणाकडून घेतलं नव्हतं, हिसकावलं होतं.

लॉरेन्स कुवेतहून रिटायर होऊन आलेला. आखातातून माणूस परत येतो तेव्हा दोन गोष्टी आणतो, एक मशीन आणि एक मत. मशीन कधीतरी बिघडतं, मत मरेपर्यंत चालतं. "तो फुलपाड्याचा पोरगा काय शूटिंग करणार? ड्रोन उडवणार आणि तासभर नारळाची झाडं दाखवणार," असं म्हणून त्याने ठरलेला व्हिडिओवाला कटवला होता. एवढ्यावर थांबला नाही. सकाळी चर्चच्या पायरीवर उभा राहून त्याने वऱ्हाडाला दम भरला होता, "एकाने मोबाइल बाहेर काढायचा नाही! माझ्या फ्रेममध्ये मोबाइल दिसला तर गोदावरीत फेकीन." आणि लोकांनी ऐकलं. आपल्या लोकांचं हे असंच. पाण्याच्या टँकरवरून जाब विचारायला चला म्हटलं तर घरात दडून बसतील, पण गळ्यात यंत्र अडकवलेला माणूस ओरडला की मेंढरांसारखे रांगेत.

झालं होतं ते अगदी साधं. कॅमकॉर्डरचं बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. नाशिकला बसमधून उतरताना त्याचा अंगठा बटणावर पडला आणि कॅमेरा चालू झाला. मग वेदीसमोर त्याने ऐटीत 'चालू' केला, म्हणजे बंद केला. फादरांना त्रास नको म्हणून बटणाचा 'टिक' आवाज त्यानेच बंद ठेवला होता. चालू असल्याची खूण म्हणून पुढे भिंगाशेजारी आणि मागे स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका येतो, पण पुढचा शूटिंग करणाऱ्याला दिसत नाही, मागचा चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा लावला की माणूस डायरेक्टर दिसत नाही, पेन्शनर दिसतो. दिवसभर तसंच चाललं. पवित्र ते सगळं बंद. दोन प्रसंगांच्या मध्ये कॅमेरा कमरेला लोंबत असताना जे झालं ते सगळं चालू.

"काय ओ, एवढा घाम का आलाय?" शेजारून त्याची बायको सालोमी म्हणाली.

"एडिटिंग चाललंय."

"एडिटिंगला घाम येतो?"

"चांगल्या एडिटिंगला येतो."

पुढच्या सीटवरून रोझलीनने मान वळवली. रोझलीन म्हणजे लॉरेन्सची थोरली बहीण, नवऱ्याची आई. "लॉरेन, मी रडले ते आलंय ना रे? पदराने डोळे पुसले, ते दोन्ही बाजूंनी घेतलंस ना?"

"घेतलं बाय. सगळ्या बाजूंनी घेतलं."

"दाखव."

"आता नाय. प्रोसेसिंग चाललंय."

हा शब्द त्याने कुवेतला ऐकला होता. त्याचा अर्थ काहीही असो, लोक त्यापुढे गप्प बसतात. पण घाट उतरेपर्यंतच. कसारा मागे पडलं तसा लॉरेन्स उठला, दांड्या धरत मागे गेला आणि हार्दिकच्या चुलतबहिणीजवळ, विनीजवळ, वाकला.

"विनी बाळा, एखादी क्लिप घेतली असशील ना तू? अंगठीची? वचनाची? अशीच गंमत म्हणून?"

"मामा, तुम्हीच तर बोललात मोबाइल फेकीन! मी स्विच ऑफ करून पर्समध्ये टाकला. दिवसभर काही पोस्ट नाही म्हणून फ्रेंड्सना वाटलं मी मेले."

"लपून पण नाही घेतली?"

"लपून कशी घेणार? तुम्ही असे बघत होतात!" तिने डोळे वटारून दाखवले. लॉरेन्सला ते डोळे ओळखू आले.

आणखी चारपाच जणांना विचारलं. सगळे आज्ञाधारक. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी त्याचं ऐकलं होतं, आणि तेच त्याच्या मुळावर आलं होतं. फोटोग्राफर होता, पण तो नाशिकचा, त्याचे फोटो यायला अवकाश. आज संध्याकाळी त्या स्क्रीनवर काय? बँडवाल्याचं पोट? रोझलीन चारचौघांत कानफटात मारणारी बाई होती. लहानपणी त्यालाही मारल्या होत्या. बर्नार्ड मारणार नाही, फक्त वर्षानुवर्षं सांगत राहील, ते जास्त वाईट. आणि गिरीज? गिरीजमध्ये माणसाचं नाव एकदा पडलं की थडग्याच्या दगडावर तेवढंच कोरायचं बाकी राहतं.

तो जागेवर आला, कानात इअरफोन घातले आणि उरलेल्या क्लिपा चाळू लागला. चुकून तरी एखादी अंगठी सापडेल. अंगठी सापडली नाही. आवाज सापडले. त्याने इअरफोन कानात आणखी खोल दाबले.

भिवंडी ओलांडून बस चिंचोटीच्या रस्त्याला लागली. त्याला रस्ता म्हणायची फक्त पद्धत आहे. पहिल्याच खड्ड्यात बस अशी आदळली की टॅब उडाला, इअरफोनची वायर निघाली, लॉरेन्सचा अंगठा आवाजाच्या बटणावर दाबला गेला आणि सालोमी बोलू लागली. म्हणजे खरी सालोमी शेजारी तोंड मिटून बसली होती, आणि तिचा आवाज बसभर घुमत होता.

"रोझलीनबायची साडी बघितली गो? पडद्याचं कापड! आणि रडत होती ती बघितलीस? डोळ्यात टिपूस नाय, नुसता पदर फिरवते. लॉरेन घेतोय ना शूटिंग, म्हणून."

बसमध्ये गाणी चालली होती ती थांबली. लॉरेन्सने टॅबवर तळहात दाबला, पण आवाज काही तळहाताखाली दबत नाही.

रोझलीन उठून आली. "सालोमी, काय बोललीस तू?"

"मी कुठे काय बोलले? मी गप बसलेय!" सालोमी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"दे इकडे तो टॅब!" रोझलीनने तो ओढला. "माझा पदर फिरताना मीच बघते."

"बाय, नको!"

तिने स्क्रीनवर बोट मारलं. पुढची क्लिप लागली. त्यात कॅमेरा खुर्चीवर उताणा पडलेला, दिसत होतं ते हॉलचं छत, आणि ऐकू येत होती स्वतः रोझलीन.

"व्याह्यांनी चेन घातली ना, हातात धरून बघितली मी. पोकळ आहे गो, फुंकर मारली तर उडेल. आणि जेवणाला काय, चिकन! आपल्याकडे मयताच्या जेवणाला यापेक्षा बरं असतं."

रोझलीनने चटकन पुढे बघितलं. तीन रांगा पुढे खिडकीशी नवी सून बसली होती, क्रिस्टिना. तिच्याच बापाने घातलेली चेन. "बंद कर! बंद कर हे!" रोझलीन कुजबुजली आणि बंद करायला जिथे बोट दाबलं तिथून आणखी एक क्लिप लागली. हार्दिकचा आवाज. मित्राशी बोलत होता.

"नोकरी सोडेल रे ती. आत्ता नाही बोलत मी काही. आई एकटी पडते, वाडीचं बघायला कोणीतरी पाहिजे. एकदा घरी आली की हळूहळू गळी उतरवू."

हार्दिक पुढून उडी मारून आला, बसच्या छताला डोकं आपटून घेतलं आणि टॅब हिसकावून बंद केला. सगळ्यांनी एकदम नवरीकडे बघितलं. क्रिस्टिनाचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले.

"झोपलीय," हार्दिक म्हणाला.

"पहाटेपासून उठलेली ना, दमली पोर," रोझलीन म्हणाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माणसाला जे खरं असायला हवं असतं, ते तो लगेच खरं मानतो.

मग लॉरेन्सच्या सीटभोवती मिटिंग भरली. कोणी विचारलंच नाही की अंगठ्यांचं शूटिंग कुठे आहे. एक वयस्कर पाहुणा हळूच म्हणाला, "लॉरेन, मी संडासाच्या मागे दोन घोट घेत होतो, ते पण आहे काय रे?" एका बाईने विचारलं, "फादरांच्या प्रवचनाबद्दल मी काय बोलले ते?" लॉरेन्सने नुसतं वर बघितलं. त्याला खरं तर माहीत नव्हतं, पण त्याने मान हलवली. टॅब उघडल्यापासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"कॅमेरा बिघडला," रोझलीनने निकाल दिला. "काहीच आलं नाय. समजलं सगळ्यांना? स्क्रीनवर काहीच लावायचं नाय. आणि लॉरेन, ते कार्ड घरी गेल्यावर चुलीत घाल."

"बाय, एवढी मेहनत..." लॉरेन्स म्हणाला. माणूस इतका निर्लज्ज होऊ शकतो.

"मी सांगते ना! तुझा काय दोष? मशीन आहे, बिघडतं."

संध्याकाळी मांडवात बर्नार्डने स्क्रीनवर दोन गुलाबं आणि नवरा-नवरीची नावं लावून ठेवली. गावाने विचारलं, वऱ्हाडाने एका सुरात सांगितलं, कॅमेरा बिघडला. लॉरेन्स समोरून गेला की वऱ्हाडी बोलणं थांबवत होते, त्याला खुर्ची देत होते. कोणीतरी त्याच्या ताटात इंदेलच्या आंबट-तिखट रश्शातले मांसाचे निवडक तुकडे वाढले. तो शेवटच्या टेबलाशी बसून चवीने खात होता.

शेजारी खुर्ची सरकली. क्रिस्टिना. हातात केकची बशी, ओठांवर नवरीचं हसू.

"मामा, केक खा." ती टेबलावर जरा पुढे झुकली. "आणि कार्ड द्या."

"कसलं कार्ड, बाळा? कॅमेरा तर बिघडला."

"बिघडला नाही मामा. तुम्ही सकाळभर बटण उलटं दाबत होतात. वेदीसमोर होते ना मी, कॅमेऱ्याकडेच तोंड होतं माझं. भिंगाशेजारी लाल ठिपका नव्हता. कमरेला लोंबताना मात्र होता." तिने केकचा तुकडा त्याच्या तोंडाजवळ धरला. "मला वाटलं, कुवेतचा कॅमेरा आहे, तिथे असंच असेल. हे गावात कोणाला सांगणार नाही मी. माझ्या लग्नाचं शूटिंग कोणी घालवलं ते कशाला सांगू?"

लॉरेन्सने तोंड उघडलं, त्यात केक गेला.

"तू... बसमध्ये झोपली नव्हतीस?"

"त्या रस्त्यावर कोण झोपतं, मामा?"

त्याने टेबलाखालून कार्ड दिलं. तिने ते रुमालात गुंडाळलं. "उद्या कोणी माझ्या गळी काही उतरवायला आलं, तर एवढंच बरोबर असू दे. नांदायचंय मला इथे," ती म्हणाली, उठली, पदर सावरला आणि खाली मान घालून पाहुण्यांत मिसळली.

रोझलीन लगबगीने आली. "काय म्हणत होती रे?"

"केक भरवत होती."

"बघ! नशीब काढलं रे हार्दिकने," लांब जाणाऱ्या सुनेकडे बघत रोझलीन समाधानाने म्हणाली. "अगदी गाय आहे गाय. तोंडातून शब्द नाय निघत."

लॉरेन्सला ठसका लागला. रोझलीनने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.