पिवळोबाचं अर्धं घरटं

एका जंगलात विहिरीवरच्या बाभळीवर पिवळोबा नावाचा सुगरण पक्षी राहत होता. हो बाळांनो, नरच. त्यांच्यात घरटं नर विणतो. अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर लग्न, नाही तर भुर्र. हसताय काय? तुमच्या मामाचं लग्न फ्लॅट बघूनच ठरलं होतं!

पिवळोबाचं विणकाम झकास होतं. तरी तीन माद्या आल्या आणि तिन्ही उडून गेल्या. शेजाऱ्यांच्या घरट्यांत अंडीसुद्धा झाली. हंगाम संपत आला. बिचारा अगदी रडकुंडीला आला.

"माझं चुकतं कुठे हो?" त्याने घुबडगुरुजींना विचारलं.

"तू कुणाचं ऐकून घेत नाहीस. माझ्या श्रवण शिबिराला ये."

शिबिर तीन दिवस चाललं. तिन्ही दिवस गुरुजी एकटेच बोलले. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली.

दुसऱ्याच दिवशी सगुणा नावाची मादी घरटं बघायला आली.

"विणलंय छान. पण अहो, ही फांदी..."

"थांबा! मी आता फार ऐकून घेतो. शिबिर केलंय. ऐकण्याचे सात प्रकार असतात. पहिला..."

"अहो, पण फांदी..."

"तिसऱ्या प्रकारात मध्ये कुणी बोललं तरी चिडायचं नसतं. बघा, मी चिडलो का?"

पाचव्या प्रकाराला फांदी काडकन मोडली. घरटं विहिरीत पडलं. आत टांगलेलं प्रमाणपत्रही गेलं.

"फांदी वाळकी आहे, एवढंच सांगत होते," सगुणा म्हणाली. "आता चार दिवस वाट बघते. मग मी चालले."

चार दिवस! पिवळोबाची पाचावर धारण बसली. त्याने भराभर गवत ओरबाडलं आणि विणायला बसला. पण बोलायला चोच उघडली की पातं विहिरीत पडायचं. दोनदा पडलं. मग त्याने चोच मिटली ती मिटलीच.

सगुणा बोलत राहिली. "त्या फांदीवर नको, तिथे साप चढतो. दार खाली घ्या. वारा इकडून येतो." वाद घालायची सोयच नव्हती. तो मान डोलवायचा आणि ती सांगेल तसं विणायचा. समोरच्यालाही काही ठाऊक असतं, हे त्याला जन्मात पहिल्यांदा कळलं. आणि गंमत म्हणजे, त्याला फार बरं वाटलं.

"किती संयमी आहात हो तुम्ही!" सगुणा म्हणाली. चौथ्या दिवशी लग्न झालं.

घरटं पुरं झालं. चोच रिकामी झाली. पिवळोबा लाडात येऊन सगुणाजवळ सरकला.

"तर सहावा प्रकार..."

सगुणाने हळूच घरट्याचा एक कोपरा उसवला.

"अगंबाई, इथे सुटलंय वाटतं. जरा विणता का?"

तात्पर्य : संयम अंगी बाणवायला साधनाबिधना काही लागत नाही. चोच गुंतलेली असली की पुरे. ती कुणीतरी गुंतवून ठेवलीय, हे मात्र संयमी माणसाला कळू देऊ नये.