शास्त्रशुद्ध पडणे

पडण्याच्या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो! हसू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या माणसांना उभं करणं हाच गेली एकोणीस वर्षं माझा धंदा. जिन्यावरून पडलेले, सायकलवरून पडलेले, मागे खुर्ची आहे असं समजून बसलेले, सगळे शेवटी माझ्याच टेबलावर येतात. तेव्हा माणसाने कसं पडावं हे मला कळणार नाही तर काय घड्याळजीला कळणार?

घड्याळजी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं, एवढं मोठं! डोळ्याला भिंग लावून हा माणूस दिवसभर तिथे वाकून बसतो. आणि त्याला आयुष्यात हौस म्हणाल तर एकच. स्नोबोर्ड! दोन्ही पाय एका फळीला अडकवायचे आणि बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली यायचं. बारा वर्षं त्याने हा एकच ध्यास घेतला होता. समोर फोन टेकवून तो स्नोबोर्डचे व्हिडिओ बघायचा आणि गिऱ्हाईक बोलत असतानाही कमरेतून हळूच डावीकडे झुकायचा, मग उजवीकडे. लोकांना वाटायचं, पाठीचं दुखणं आहे. दोघातिघांनी तर त्याला माझ्याकडे जायचा सल्ला दिला.

या वर्षी एकदाचं जमलं! घड्याळजी, मी आणि आमचा तिसरा मित्र वकील, अशी तिघांची सहा दिवसांची डोंगरातली सहल ठरली. दुकानाला आठवडाभर कुलूप लागणार होतं, तेही आयुष्यात पहिल्यांदा. दारावर लावायची पाटी त्याने महिनाभर आधीच रंगवून घेतली. ‘मालक बर्फावर आहेत.’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेन तर मी कसला!

“बर्फावर जाणारे शंभरातले शंभर पडतात,” मी म्हणालो. “पडणं टळत नाही, मोडणं टळतं. पडणं हे शास्त्र आहे. उद्या संध्याकाळपासून सात वाजता माझ्या घरी या. निघेपर्यंत तुम्हाला पडण्यात तरबेज करतो!”

बायको आतून म्हणाली, “तुझं तोंडावर पडणं मी सोळा वर्षं बघतेय. त्याला कुठे शास्त्र लागलं?”

मी दुर्लक्ष केलं. सोफा भिंतीला लावला, जमिनीवर तीन गाद्या अंथरल्या, कपाटातली एक फळी काढून तिच्याखाली सतरंजीची वळकटी ठेवली. हा झाला स्नोबोर्ड! त्यावर उभं राहायचं, मी शिट्टी मारली की मुठी आवळायच्या, हनुवटी छातीला लावायची आणि खांद्यावरून लोळायचं. तळहात मात्र कधी म्हणजे कधी टेकायचा नाही!

वकील पहिल्याच शिट्टीला म्हणाला, “माझी हरकत आहे! खांदा सुजला तर कोर्टात कोट कसा घालू?” आणि पोत्यासारखा धप्पकन पडला. घड्याळजी मात्र इतका सफाईने पडायचा की बघत राहावं! पडला की उठून विचारायचा, “हनुवटी बरोबर होती का रे?” माझ्याकडे असा मन लावून शिकणारा पेशंट एकोणीस वर्षांत आला नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी त्यांनी जिन्यात माझ्या बायकोला गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “सगळं ठीक आहे ना गं घरी? रोज सातला सुरू होतं. आधी शिट्टी, मग धप्प, मग कण्हणं.”

“काही नाही हो काकू, हे मित्रांना पाडतात.”

“आणि मित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात?”

त्या दिवसापासून काकू माझ्याकडे बघताना पर्स छातीशी धरू लागल्या.

सहलीला नऊ दिवस उरले तेव्हा मला नवी कल्पना सुचली. आता वाटतं, त्या दिवशी मला साधी सर्दी जरी झाली असती तरी तिघांचं भलं झालं असतं. “शिट्टी ऐकून कोणीही पडेल,” मी म्हणालो. “बर्फ काय सांगून पाडतं? आज मी मागून ढकलणार. कधी, ते सांगणार नाही!”

घड्याळजी फळीवर उभा राहिला. मी मांजराच्या पावलांनी मागे गेलो. तेवढ्यात दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर काकू, आणि मला रंगेहाथ पकडायला त्यांनी आणलेले इमारतीच्या कमिटीवरचे दोघे! घड्याळजीने मान वळवून दाराकडे पाहिलं. आणि मी ढकललं.

तो गाद्यांच्या पलीकडे गेला. थेट फरशीवर, डावा तळहात सपाट टेकून.

“बघा!” काकू ओरडल्या. “डोळ्यांदेखत! मी सांगत नव्हते?”

“काकू, साक्षीला याल का?” वकिलाने गादीवरूनच विचारलं.

मी धावलो. घड्याळजीचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर एक खळगा असतो, तिथे दाबलं. तो “आई गं!” म्हणून कळवळला.

आता तुम्हाला खरं सांगतो. त्या खळग्यात दुखलं की एक्स-रे काढायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. माझं नाव विसरेन, पण ते विसरणार नाही. पण दारात काकू उभ्या, कमिटीचे दोघे उभे, बायको कमरेवर हात ठेवून उभी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि त्या तोंडातून निघालं, “काही नाही, मुरगळलाय. आठ दिवसांत टुणटुणीत!”

“पण फार दुखतंय रे,” घड्याळजी म्हणाला.

“तू आधीपासूनच जरा नाटकी आहेस.”

त्याला ते पटलं. एवढ्या वर्षांचा मित्र, त्यातून त्याच विषयातला! मी क्रेप बँडेज गुंडाळून दिलं आणि तो मलाच “थँक्यू” म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. “भावजी, हातावर सूज आहे. एक एक्स-रे काढून घेऊ का?”

“वहिनी, मी असताना एक्स-रे कशाला?”

हे वाक्य हल्ली मला आंघोळ करताना आठवतं. मग मी नळ जोरात सोडतो.

आम्ही डोंगरात पोहोचलो. पहिल्या सकाळी खिडकीचा पडदा सारला तर सगळीकडे पांढरंशुभ्र! घड्याळजी काचेला नाक लावून उभा राहिला. मग त्याने एका हाताने मोजे चढवले, बुटांची नाडी दातांनी ओढली आणि आमच्या आधी जिना उतरला. “हात कसा आहे?” मी विचारलं. “दुखतच नाही!” तो म्हणाला. त्याला फळीवर उभं राहायचं होतं. तेव्हा त्याला काय दुखणार!

शिकवायला एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती.

“आधी पडण्याचं बघू या,” मी जाणत्या आवाजात म्हणालो.

“काका, त्यात काय बघायचंय?” ती म्हणाली आणि मागच्या मागे भुसभुशीत बर्फात बसली. “झालं. आता उठा.”

माझा एवढा मोठा अभ्यासक्रम एका श्वासात संपला! उठायला मदत म्हणून तिने घड्याळजीचा हात धरला, तो नेमका डावा. घड्याळजीचा चेहरा बर्फाच्या रंगाचा झाला. तिने त्याचा हातमोजा काढला आणि अंगठ्याच्या बुडाशी अलगद बोट टेकवलं. तो जागच्या जागी बसला.

“कधी लागलं?”

“दहा दिवस झाले.”

“आणि इतक्या दिवसांत कोणा जाणकाराला दाखवलं नाहीत?”

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

उताराच्या पायथ्याशीच दवाखाना होता. एक्स-रेमध्ये काजूएवढं एक हाड आणि त्यावर आडवी बारीक रेघ. “त्याच दिवशी प्लास्टर घालायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाले. “आता जुळायला वेळ लागेल. दहा आठवडे धरून चला.”

“आणि स्नोबोर्ड?” घड्याळजीने विचारलं.

डॉक्टरांना वाटलं, पेशंट विनोदी आहे. ते मोकळेपणाने हसले. घड्याळजीने मान खाली घातली. त्याच्या जागी मी असतो तर मी मला तिथेच बदडलं असतं. तो म्हणाला, “तुम्ही दोघं जा रे. मी खिडकीतून बघतो.”

“मी तुझ्यासाठी उतरतो!” मी ओरडलो. “हेल्मेटला कॅमेरा लावतो. तुला वाटेल, तूच उतरतोयस!”

असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी लहान मुलांच्या उतारावर गेलो आणि दुपारपर्यंत चौदा वेळा पडलो. त्यातलं एकही पडणं शास्त्रशुद्ध नव्हतं! हनुवटीवर पडलो, पाठीवर पडलो, एकदा वकिलावर पडलो. सहा-सहा वर्षांची पोरं “काका, बाजूला!” करत शेजारून जात होती. शेवटी मी आणि वकील उताराच्या कडेला धापा टाकत बसलो. अंग ठणकत होतं, मन त्याहून ठणकत होतं. राहवलं नाही, मी बोललो.

“दाबलं तेव्हाच मला कळलं होतं रे. त्याच क्षणी! पण त्या सगळ्यांसमोर कसं म्हणू, की मीच पाडलं आणि मीच मोडलं?”

वकिलाने हातमोज्यांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाला, “त्याला सांगितलंस?”

“सांगेन. हाड जुळलं की सांगेन.”

संध्याकाळी खोलीतल्या टीव्हीला कॅमेरा जोडला. घड्याळजी उशीवर प्लास्टर ठेवून, चष्मा पुसून, सावरून बसला. पडद्यावर आधी आकाश आलं. मग माझा गुडघा. मग पुन्हा आकाश.

“आकाश छान आलंय,” तो म्हणाला. माणूस किती भला असावा!

मग चुकून मी अकरा सेकंद उभा होतो तो भाग आला. उतार सरसर मागे जात होता. घड्याळजी पलंगावर बसल्या बसल्या डावीकडे झुकला, मग उजवीकडे. वकिलाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

त्यानंतर पडद्यावर एकाच जागी बुटांचे दोन जोड दिसू लागले. आणि आवाज आला. “दाबलं तेव्हाच मला कळलं होतं रे...”

कॅमेरा चालूच राहिला होता! मी रिमोटसाठी झेप घेतली, सतरंजीत पाय अडकला आणि टीव्हीसमोर पालथा पडलो. उठेपर्यंत माझाच आवाज माझ्या डोक्यावरून सगळं सांगून मोकळा झाला. ‘हाड जुळलं की सांगेन’पर्यंत सगळं! मला उचलायला कोणी आलं नाही.

घड्याळजीने पूर्ण ऐकून घेतलं. पडद्यावर मी पंधराव्यांदा पडलो. मग तो शांतपणे म्हणाला, “ते अकरा सेकंद परत लाव.”

मी लावले. त्याने ते चार वेळा बघितले. या वेळी मात्र तो झुकला नाही.

परतीच्या प्रवासात मी त्याची सात वेळा माफी मागितली. सातही वेळा तो म्हणाला, “जाऊ दे रे.” त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी सुखाने झोपलो असतो.

दहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आता मनगटाला दोन महिने व्यायाम द्यावा लागणार, म्हणजे माझंच काम! मी रोजची चारची वेळ मोकळी ठेवली. टेबलावर नवी चादर घातली. पहिला दिवस गेला, आठवडा गेला, तो आला नाही. मग मीच दुकानात गेलो. आत गिऱ्हाईक नव्हतं. घड्याळजी डाव्या मुठीत रबरी चेंडू दाबत बसला होता, तोही अगदी बरोबर पद्धतीने.

“व्यायाम सुरू केलास?” मी हसत विचारलं. “कोणाकडे?”

“आहे एक मुलगी,” तो म्हणाला. मला स्टूल सरकवून दिलं, चहा सांगितला, मग पुढे म्हणाला, “नवीनच आहे. अनुभव असा काही नाही तिला. पण एखादी गोष्ट कळली नाही, की ती सरळ सांगते, मला कळलं नाही म्हणून.”

“चांगली आहे,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!